वसईच्या खडकाने वळवलेली सुई

होकायंत्राची सुई उत्तर दिशा दाखवते, हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलं आहे. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. सुई उत्तरेच्या आसपास कुठेतरी थांबते. ती किती चुकते हे तुम्ही पृथ्वीवर कुठे उभे आहात, कुठल्या सालात उभे आहात आणि तुमच्या पायाखाली काय आहे, यावर ठरतं.

मुंबईत किंवा रत्नागिरीत राहणाऱ्याला हे पटणं कठीण जातं, कारण आपल्या किनाऱ्यावर सध्या ही चूक एका अंशाहूनही कमी आहे. इथे सुईवर डोळे मिटून विश्वास ठेवला तरी चालतं. पण जगाच्या पाठीवर अशा जागा आहेत जिथे सुई खऱ्या उत्तरेपासून दहा, वीस, तीस अंश बाजूला वळलेली असते. पाचशे वर्षांपूर्वी शिडाच्या जहाजांतून महासागर ओलांडणाऱ्या माणसांना ही गोष्ट भर समुद्रात कळली. तिथे विचारायला कोणी नव्हतं, आणि त्यांना ठाऊक असलेल्या ग्रंथांत तिच्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

ही चूक किती महाग पडते ते आधी पाहू. जुन्या होकायंत्राच्या तबकडीचे 32 भाग केलेले असत, म्हणजे एक भाग सव्वाअकरा अंशांचा. सुकाणू धरणारा एका भागाने चुकला, तर शंभर किलोमीटर गेल्यावर जहाज ठरलेल्या जागेपासून सुमारे वीस किलोमीटर बाजूला पोचतं. लिस्बनहून गोव्याला यायला पाच-सहा महिने लागत. रात्री अंधारात, आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या खडकांमधून जाताना वीस किलोमीटर म्हणजे जहाज, माल आणि माणसं सगळंच गेलं.

भूमध्य समुद्रात शेकडो वर्षं होकायंत्र वापरणाऱ्यांना याचा फारसा त्रास झाला नव्हता. अंतरं लहान होती. नकाशेही होकायंत्रावरूनच काढलेले होते, त्यामुळे चूक नकाशात आणि सुईत सारखीच भरलेली असे आणि दोन्ही एकमेकांशी जुळत. होकायंत्र बनवणाऱ्या कारागिरांनी तर आणखी एक युक्ती काढली होती. आपल्या गावात सुई जितकी बाजूला जाते, तितकी ती तबकडीखाली तिरकी चिकटवायची, म्हणजे तबकडीवरचं उत्तरेचं चिन्ह बरोबर उत्तरेला येतं. आपल्या गावापुरती ही सोय उत्तमच. पण दोन वेगवेगळ्या देशांत बनलेली होकायंत्रं एकाच जहाजावर ठेवली की दोघांची उत्तर वेगळी!

सप्टेंबर 1492 मध्ये कोलंबसची जहाजं अटलांटिकमध्ये खूप आत गेली, तेव्हा हा प्रश्न टाळता येईना. त्याच्या रोजनिशीत 13 सप्टेंबरची नोंद आहे, की संध्याकाळी सुया ध्रुवताऱ्याच्या पश्चिमेला झुकल्या. चार दिवसांनी जहाजांवरच्या मार्गदर्शकांनीही ते पाहिलं आणि खलाशी घाबरले. त्यांची भीती अगदी समजण्यासारखी होती. घर मागे राहिलं, जमीन दिसत नाही, आणि आता होकायंत्रही फितूर झालं! कोलंबसने त्यांना पहाटे पुन्हा मोजायला सांगितलं आणि समजूत घातली, की सुया स्थिर आहेत, तारा हलतो आहे. यात थोडं तथ्य होतं. त्या काळी ध्रुवतारा खऱ्या उत्तर ध्रुवबिंदूपासून सुमारे साडेतीन अंश दूर होता आणि रात्रभरात त्या बिंदूभोवती छोटी फेरी मारत असे. आपला अढळ ध्रुव पुरता अढळ नाही, आणि तेव्हा तर आजच्याहून जास्त फिरत होता. पण सुयाही खरोखरच वळल्या होत्या.

खऱ्या उत्तरेत आणि सुई दाखवते त्या उत्तरेत जो कोन पडतो, त्याला मराठीत दिक्पात म्हणतात. हा एकच पारिभाषिक शब्द लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा पुन्हा लागेल.

आता एक मोहात पाडणारी कल्पना पाहू. समुद्रात आपण कुठे आहोत हे सांगायला दोन आकडे लागतात. उत्तर-दक्षिण किती, म्हणजे अक्षांश. पूर्व-पश्चिम किती, म्हणजे रेखांश. अक्षांश मिळवणं त्या मानाने सोपं. ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, तितका तुमचा अक्षांश. वसईहून तो साधारण 19 अंशांवर दिसतो, गोव्याहून 15 अंशांच्या जरा वर. विषुववृत्ताच्या दक्षिणेला ध्रुवतारा मावळतो, तेव्हा दुपारचा सूर्य मोजायचा आणि त्या दिवसाच्या कोष्टकातून हिशेब करायचा. पोर्तुगीजांनी पंधराव्या शतकाच्या अखेरीस हे तंत्र चांगलं बसवलं होतं.

रेखांशाचं तसं नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने पूर्व-पश्चिम दिशेत खूण म्हणून धरावा असा एकही तारा जागेवर थांबत नाही. त्याचं उत्तर घड्याळात आहे. निघालेल्या गावात आत्ता किती वाजले हे कळलं, की इथल्या वेळेशी तुलना करून एका तासाला 15 अंश या हिशेबाने रेखांश निघतो. पण हेलकावणाऱ्या जहाजावर महिनोन्‌महिने अचूक चालणारं घड्याळ अठराव्या शतकात, जॉन हॅरिसनच्या हातून, तयार झालं. तोवर जहाजाचा वेग आणि दिशा यांवरून अंदाज बांधायचा, एवढंच हातात होतं.

म्हणून सोळाव्या शतकात अनेकांना वाटलं, की हा दिक्पातच आपल्याला रेखांश देईल. अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांजवळ सुई खरी उत्तर दाखवते असं खलाशांना आढळलं होतं. तिथून पूर्वेला गेलं की सुई पूर्वेकडे झुकते, पश्चिमेला गेलं की पश्चिमेकडे. मग नियम असा मांडला गेला, की अझोर्सजवळून जाणारी एक उत्तर-दक्षिण रेषा आहे, तिच्यावर दिक्पात शून्य असतो आणि तिच्यापासून दूर जाल तसा तो ठराविक प्रमाणात वाढतो, मग तसाच ओसरतो. जुआंव द लिस्बोआ या अनुभवी पोर्तुगीज मार्गदर्शकाच्या नावावर 1514 सालचा जो होकायंत्रावरचा ग्रंथ आहे, त्यातही हाच विचार आहे. आफ्रिकेच्या अगदी दक्षिण टोकाला पोर्तुगीजांनी काबु दाश आगुल्याश, म्हणजे सुयांचं भूशिर, असं नाव दिलं, कारण तिथेही त्या काळी सुया बरोबर खऱ्या उत्तरेला थांबत. आज नकाशात ते अगुल्हास म्हणून दिसतं.

हा नियम सुंदर होता. एक साधी सुई, आणि सगळ्यात अवघड प्रश्नाचं उत्तर. राजदरबारातल्या विद्वानांना आणि जहाजाच्या मालकांना तो खरा असावा असं मनापासून वाटत होतं. फक्त तो नीट तपासायचा कोणी आणि कसा?

तपासण्यासाठी आधी खरी उत्तर हवी, तीही सुईच्या मदतीशिवाय. पोर्तुगालचा राजगणिती पेद्रू नूनिश याने त्यासाठी एक साधं उपकरण सुचवलं. एक सपाट गोल पाटी, तिच्या कडेवर अंशांच्या खुणा, मधोमध एक उभी काडी आणि पाटीतच बसवलेलं छोटं होकायंत्र. सकाळी सूर्य ठराविक उंचीवर असताना काडीची सावली कुठे पडते ते टिपायचं. दुपारनंतर सूर्य उतरत उतरत पुन्हा त्याच उंचीवर आला, की सावली पुन्हा टिपायची. सूर्याची सकाळची चढण आणि दुपारची उतरण एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारखी असतात. त्यामुळे या दोन सावल्यांच्या बरोबर मधली रेषा म्हणजे खरी उत्तर-दक्षिण.

आकड्यांत सांगायचं तर असं. सकाळची सावली सुईच्या उत्तरेपासून पश्चिमेला 60 अंशांवर पडली आणि दुपारची पूर्वेला 40 अंशांवर. सुई खरी असती तर दोन्हीकडे 50-50 आले असते. फरक 20, त्याचा निम्मा 10. म्हणजे खरी उत्तर सुईच्या 10 अंश पश्चिमेला आहे. उलट्या बाजूने सांगायचं तर सुई 10 अंश पूर्वेला झुकली आहे. संपला हिशेब. यात ना ध्रुवतारा लागला, ना कोष्टक.

ही पद्धत वाचताना काही वाचकांना ओळखीची वाटली असेल. आपल्याकडे यज्ञवेदी आखताना पूर्व-पश्चिम काढण्याची कृती कात्यायन शुल्बसूत्रात आहे. सपाट जागेवर शंकू रोवायचा, त्याच्याभोवती दोरीने वर्तुळ काढायचं, सकाळी आणि दुपारी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवतं तिथे खुणा करायच्या आणि त्या जोडायच्या. नूनिशने हे भारताकडून घेतलं असं मुळीच म्हणायचं नाही. प्राचीन रोममध्येही ही युक्ती माहीत होती. सूर्य सगळ्यांचा एकच, म्हणून ती अनेकांना सुचली. नूनिशने त्यात सुई घातली, आणि मग सूर्य आणि चुंबक यांची एकाच पाटीवर तुलना करता येऊ लागली.

तुम्ही हे गच्चीवर करून पाहा असं मी आग्रहाने सांगेन. डिसेंबर त्यासाठी उत्तम महिना. आकाश स्वच्छ असतं, सावल्या लांब पडतात आणि एका दिवसात सूर्याच्या वाटेत जवळजवळ काही बदल होत नाही. एक सरळ काडी, खडू आणि दोरी पुरते. पण मोबाइलमधलं होकायंत्र शेजारी ठेवताना गच्चीच्या कठड्यापासून आणि पाण्याच्या टाकीपासून दूर राहा. काँक्रीटमधल्या सळया तुमची सुई फिरवतील. हीच गोष्ट समुद्रावर एका माणसाने कशी ओळखली, त्याकडे आता येऊ.

त्याचं नाव जुआंव द कास्त्रो. जन्म लिस्बनमध्ये 1500 साली. सरदार घराण्यातला मुलगा, राजपुत्र लुईशबरोबर नूनिशकडे गणित शिकलेला, आणि पेशाने सैनिक. एप्रिल 1538 मध्ये नवा व्हाइसरॉय गार्सिया द नोरोन्या याच्या ताफ्यातल्या एका जहाजाचा कप्तान होऊन तो लिस्बनहून निघाला. सोबत गुरूची ती पाटी होती.

त्या प्रवासाची त्याने ठेवलेली रोजनिशी मला सोळाव्या शतकातल्या सगळ्यात प्रामाणिक लिखाणांपैकी एक वाटते. कारण तीत तो आपण काय पाहिलं ते लिहितो आणि काय पाहायला मिळेल असं वाटलं होतं तेही लिहितो. दोन्ही जुळलं नाही, की तसंही नोंदवतो. तो एकट्याच्या डोळ्यांवर विसंबून राहिला नाही. जहाजावरच्या इतरांनाही तीच मोजमापं घ्यायला लावी आणि त्यांचे आकडे आपल्या आकड्यांशेजारी मांडी. आकड्यांत फरक आला की त्याचं कारण शोधी. कप्तानाने आपल्या हाताखालच्या माणसाचा आकडा स्वतःच्या आकड्याच्या बरोबरीने लिहून ठेवावा, ही त्या काळाच्या दरबारी रीतीत साधी गोष्ट नव्हती.

अटलांटिकमधून खाली, केप ऑफ गुड होपला वळसा घालून वर, असा हा प्रवास पाच महिने चालला आणि वाटेत कास्त्रो मोजतच राहिला. पुढच्या तीन वर्षांतल्या सफरी धरून त्याच्या दिक्पाताच्या नोंदी चाळीसहून जास्त होतात. त्यांतून निघालेला निष्कर्ष त्याने स्पष्ट मांडला. दिक्पात आणि रेखांश यांच्यात सांगितला जातो तसा काही नियम नाही. एकाच उत्तर-दक्षिण रेषेवर दोन ठिकाणी तो वेगवेगळा असू शकतो. सुई रेखांश सांगत नाही.

नकार देणारा निष्कर्ष कोणाला आवडत नाही. इथे तर तो गुरूच्याच उपकरणाने मिळालेला होता, आणि ज्याला वाचायला पाठवायचा त्या दरबाराला नको असलेला होता. तरी तो लिहिला गेला.

ऑगस्टमध्ये ताफा मोझांबिकला थांबला होता. तिथे मोजताना आकडे विचित्र येऊ लागले. सूर्य तोच, पाटी तीच, सुई मात्र भलतीकडे. शोध घेतल्यावर लक्षात आलं, की पाटी जहाजावरच्या तोफेच्या जवळ ठेवली होती. लोखंड सुईला खेचत होतं. तोफा, नांगर, खिळे यांनी भरलेलं जहाज स्वतःच आपल्या होकायंत्राला फसवतं, हे त्याने ओळखलं आणि जागा बदलून पुन्हा मोजलं. याला आज विचलन म्हणतात. पुढे तीनशे वर्षांनी लोखंडी जहाजं बांधली जाऊ लागली, तेव्हा हाच प्रश्न राक्षसी रूपात उभा राहिला. आजही जहाजावरच्या होकायंत्राच्या दोन्ही बाजूंना मऊ लोखंडाचे गोळे दिसतात. ते जहाजाच्या लोखंडाचा परिणाम काटण्यासाठी असतात.

सप्टेंबर 1538 मध्ये कास्त्रो गोव्याला पोचला. तेव्हा दीवच्या किल्ल्याला तुर्कांनी वेढा घातला होता. मदतीसाठी जायचं आरमार निघता निघता नोव्हेंबर उजाडला, तोवर वेढा उठलाही होता. मग हा ताफा कोकण किनाऱ्याने सावकाश उत्तरेकडे सरकत राहिला, आणि कास्त्रोच्या हाती आयताच वेळ आला. नदीचं प्रत्येक मुख, त्यातल्या पाण्याची खोली, भरती-ओहोटी, डोंगरांच्या ओळखीच्या आकृती, चौलसारखी बंदरं, सगळं त्याने लिहिलं आणि चितारलं. घारापुरीची लेणी पाहून तो थक्क झाला, तेही त्यात आहे. कोकणातल्या खाड्यांचं इतकं बारकाईने केलेलं लेखी वर्णन त्याआधीचं मला तरी माहीत नाही.

हे वाचताना एक गोष्ट विसरता कामा नये. खाडीत किती हात पाणी आहे, हे तो तोफा असलेली जहाजं आत नेता यावीत म्हणून मोजत होता. आपल्या समुद्रातून जाणाऱ्या इथल्या व्यापाऱ्यांना पोर्तुगीजांकडून कार्ताझ नावाचा परवाना विकत घ्यावा लागे, आणि तो नसला तर जहाज आणि माल दोन्ही जप्त होत. पुढे हाच कास्त्रो गोव्याचा गव्हर्नर झाला, 1546 साली दीवच्या दुसऱ्या वेढ्यात जिंकला, आणि त्याच्या आरमाराने गुजरातच्या किनाऱ्यावरची गावं जाळली. पाटीवरची सावली काटेकोरपणे मोजणारे हात आणि ते हुकूम देणारे हात एकाच माणसाचे होते. जून 1548 मध्ये तो गोव्यातच वारला.

आता वसई. चारच वर्षांपूर्वी, 1534 मध्ये, गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून ती पोर्तुगीजांना मिळाली होती. 22 डिसेंबर 1538 रोजी कास्त्रोने वसईजवळ पाटी मांडली. इथे ना जहाज होतं, ना तोफ. तरी सुई भरकटली. पाटी हलवून पाहिली तर काही पावलांत सुईची दिशा बदलली. त्याने काढलेला निष्कर्ष असा, की इथले खडकच सुईला ओढताहेत.

त्याचं म्हणणं बरोबर होतं, हे आपण आज छातीठोकपणे सांगू शकतो. सह्याद्री आणि कोकणाचा काळा पत्थर म्हणजे बेसाल्ट. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हाचे थरावर थर पसरले आणि थिजले, त्यातून तो बनला. या दगडात मॅग्नेटाइट नावाच्या लोहखनिजाचे बारीक कण असतात, आणि ते स्वतः चुंबक असतात. एरवी त्यांचा जोर थोडा असतो, पण उघड्या खडकावर वीज पडली तर त्या जागेचा दगड चांगलाच चुंबकित होतो. असल्या दगडाच्या अगदी जवळ सुई नेली की ती पृथ्वीचं ऐकत नाही, दगडाचं ऐकते. गडांवर भटकणाऱ्यांपैकी कुणी होकायंत्र कातळावर टेकवून दिशा पाहिली असेल, तर त्याला हा अनुभव आला असण्याची शक्यता आहे. म्हणून होकायंत्र कातळावर न ठेवता हातात, कमरेच्या उंचीवर धरून वाचावं.

कास्त्रोच्या या नोंदींचं पुढे काय झालं, ते मनाला लागतं. या नोंदी पोर्तुगालच्या राजाकडे आणि राजपुत्राकडे गेल्या. समुद्रमार्गाची माहिती म्हणजे राज्याचं गुपित. गोवा ते दीव प्रवासाची रोजनिशी 1843 मध्ये छापली गेली आणि लिस्बन ते गोव्याची 1882 मध्ये. तोवर तीनशे वर्षं उलटली होती. मधल्या काळात युरोपातले लोक सुईवरून रेखांश काढण्याच्या योजना करतच राहिले.

पण सुई मुळात उत्तरेकडे वळते का? कास्त्रोच्या काळी कोणी म्हणे ध्रुवतारा तिला ओढतो, कोणी म्हणे उत्तरेला चुंबकाचा डोंगर आहे. 1600 साली लंडनच्या विल्यम गिल्बर्ट या वैद्याने चुंबकाच्या दगडाचा गोळा घडवला, त्यावर छोट्या सुया फिरवल्या आणि सांगितलं, की पृथ्वी स्वतःच एक प्रचंड चुंबक आहे. ही फार मोठी झेप होती. मात्र हा चुंबक कायमचा, न बदलणारा आहे असं त्याला वाटे. ते चुकीचं ठरायला फार दिवस लागले नाहीत. लंडनमध्ये 1580 साली दिक्पात पूर्वेला सुमारे 11 अंश मोजला गेला होता. 1622 मध्ये तो 6 अंशांच्या आसपास आला आणि 1634 मध्ये हेन्री गेलिब्रँडला तो 4 अंशांच्या आसपासच मिळाला. जागा लंडनच, पण सुई सरकत होती. पुढे ती शून्य ओलांडून पश्चिमेला गेली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला 24 अंशांपर्यंत पोचली, मग परत फिरली, आणि 2019 मध्ये ग्रिनिचला पुन्हा शून्यावर आली.

याचं कारण पृथ्वीच्या पोटात आहे. सुमारे 2900 किलोमीटर खोलीपासून पुढे वितळलेल्या लोखंडाचा थर आहे. तो उष्णतेने घुसळत राहतो आणि पृथ्वीच्या फिरण्याने त्याला पीळ बसतो. वाहत्या धातूतून विजेचे प्रवाह निर्माण होतात आणि त्यांतून चुंबकत्व. ढवळत्या कढईतल्या भोवऱ्यांसारखे ते प्रवाह बदलत राहतात, म्हणून दिक्पात जागोजागी वेगळा असतो आणि वर्षागणिक बदलतो. तो कुठल्याच सोप्या रेषेत बसत नव्हता, तो यामुळे. खलाशांना मग एकच मार्ग उरला. जगभर मोजत राहायचं आणि नकाशा काढायचा. एडमंड हॅलीने, म्हणजे धूमकेतूवाल्या हॅलीनेच, 1698 ते 1700 या काळात पॅरामोर या जहाजातून अटलांटिक पालथा घातला. सारखा दिक्पात असलेल्या जागा रेषेने जोडून त्याने 1701 मध्ये नकाशा छापला. हवामानाच्या किंवा उंचीच्या नकाशावर आपण ज्या समान मूल्याच्या रेषा पाहतो, त्यांच्या घराण्यातला हा अगदी सुरुवातीचा नकाशा. तुमच्या मोबाइलमध्ये खरी उत्तर आणि चुंबकीय उत्तर असे दोन पर्याय असतात, त्यामागेही असाच जगाचा नकाशा असतो, आणि तो साधारण दर पाच वर्षांनी नव्याने करावा लागतो.

मोजत राहण्याचं हे काम कोकणातही पुढे झालं. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत 1841 पासून चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. सप्टेंबर 1859 मध्ये सूर्यावरून आलेल्या मोठ्या चुंबकीय वादळाचा तडाखा तिथल्या उपकरणांनी टिपला. त्या नोंदी जगभरचे अभ्यासक आजही काढून बघतात. मग विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत विजेच्या ट्रामची योजना आली. रुळांतून आणि तारांतून वाहणारी वीज सुयांना हलवणार, हे उघड होतं. वेधशाळेचे संचालक नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस यांच्या देखरेखीखाली नवी जागा शोधली गेली आणि 1904 मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला उभी राहिली. दोन्हीकडच्या मोजमापांचा सांधा जुळावा म्हणून 1904 ते 1906 अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग इथे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. हा धीर, ही काळजी मला फार मोलाची वाटते. तिच्यामुळेच ती नोंदींची साखळी आजवर तुटलेली नाही. अलिबागच्या त्या इमारतीत लोखंड वापरलं नाही. दगड आजूबाजूचा, हाताशी असलेला काळा पत्थर घेतला नाही. चुंबकत्व नसलेला दगड समुद्रमार्गे पोरबंदरहून आणला. कास्त्रो ज्या चौलवरून गेला होता, ते या वेधशाळेपासून वीस किलोमीटरच्या आत आहे.

आणि ज्या काळ्या पत्थराला वेधशाळेत येऊ दिलं नाही, त्याने 1950 च्या दशकात एक वेगळीच गोष्ट सांगितली. मॅग्नेटाइटचे कण 580 अंश सेल्सिअसच्या वर तापलेले असताना त्यांना चुंबकत्व धरून ठेवता येत नाही. लाव्हा थंड होत त्या तापमानाखाली आला, की प्रत्येक कण त्या क्षणी पृथ्वीचं चुंबकत्व ज्या दिशेने असेल ती दिशा धरून ठेवतो. म्हणजे थिजलेल्या लाव्हात धुळीहून बारीक अशा कोट्यवधी सुया कायमच्या अडकून राहतात. मोकळी टांगलेली सुई उत्तर-दक्षिण वळते आणि शिवाय जमिनीकडे झुकतेही. विषुववृत्ताजवळ ती आडवी राहते, ध्रुवाकडे जाल तशी उभी होत जाते. म्हणून दगडातल्या सुयांचा झुकाव मोजला, तर तो दगड थिजताना कुठल्या अक्षांशावर होता ते काढता येतं.

लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दख्खनच्या बेसाल्टचे नमुने काढून त्यांतला झुकाव मोजला. आज अलिबागला सुई साधारण 25 अंश झुकते. दगडातल्या सुयांचा झुकाव जवळजवळ त्याच्या दुप्पट होता, आणि तो दक्षिण गोलार्धातला होता. काही थरांत तर उत्तर-दक्षिणच उलटी होती, कारण त्या काळात पृथ्वीचं चुंबकत्वच उलटलेलं होतं. याचा अर्थ असा, की सह्याद्रीचा पत्थर विषुववृत्ताच्या बऱ्याच खाली थिजला आणि त्याला पाठीवर घेऊन आपली सगळी भूमी हजारो किलोमीटर उत्तरेकडे सरकत आली. खंड सरकतात ही कल्पना त्या वेळी बहुतेक भूशास्त्रज्ञ मानायला तयार नव्हते. ते पटवणाऱ्या पहिल्या ठोस पुराव्यांत आपला काळा पत्थर होता.

वसईच्या ज्या खडकाजवळ कास्त्रोने पाटी मांडली होती, त्यातही अशाच सुया होत्या.